सही केलेलं कोरं पॅड

"डॉक्टर कोण? ही?"

बाहेरची बाकडी माणसांनी भरलेली होती. एका पेशंटचा नवरा एवढंच म्हणाला होता, की डॉक्टर मॅडमनी आज बोलावलंय. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "ही एम.ए. आहे. आर्ट्सची. गप्पा मारायचं शिक्षण झालंय तिचं. ऊठ गं, त्या बाईंना बसू दे."

लोक हसले. मी उठले. आणि मीही हसले.

मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या नव्या बिल्डिंगीत साहेबांचं क्लिनिक होतं. ते मानसोपचारतज्ज्ञ. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझे वडील, दादा, काशीमीऱ्याच्या गोदामात हमाल. घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. मी मानसशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा दादांनी चाळीत पेढे वाटले. मुलगी डॉक्टर झाली म्हणून.

मी त्यांना समजावलं. साहेब आधी एम.बी.बी.एस. झाले, मग मनाच्या आजारांचं शिकले. ते औषध देतात. मी शरीर शिकलेली नाही. माणूस विचार कसा करतो, कशानं मोडतो, ते शिकलेय. चाचण्या घेते, बोलतं करते. गोळी देऊ शकत नाही. दादांनी थोडा विचार केला. म्हणाले, "म्हणजे अर्धी डॉक्टर."

साहेबांनी कामावर ठेवलं, याचे उपकार मी रोज मानायची. पडद्यामागे स्टुलावर बसून नवीन पेशंटची सगळी हकिगत लिहून घ्यायची. साहेब ती वाचत नसत. पेशंट आत गेला की चहा निवायच्या आत चिठ्ठी घेऊन बाहेर. गर्दीच तेवढी. नंबर पुकारणं, चहा सांगणं, हेही माझंच काम.

जवळच्या इंद्रलोक वस्तीतली एक मुलगी सासूबरोबर यायची. माझ्याच वयाची. तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. घरात तो विषय काढायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. साहेबांच्या गोळ्यांनी तिला झोप लागली, हे खरं. त्या झोपेशिवाय ती बोलूच शकली नसती. पण बाळाबद्दल ती पहिल्यांदा बोलली ती माझ्याशी. तिच्यासाठी मी साहेबांकडे आठवड्याला अर्धा तास मागितला. "रडवून बरं करणार?" म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं.

मग साहेब नात्यातल्या एका लग्नासाठी आठवडाभर बाहेरगावी निघाले. जाताना चिठ्ठ्यांचं पॅड माझ्यापुढे ठेवलं. पानं कोरी. खाली सह्या.

"जुन्या पेशंटना जुनंच लिहून दे. कोणाचं जास्त वाटलं तर एक गोळी वाढव. नाहीतरी तुला डॉक्टर म्हणतातच ना सगळे."

मी हो म्हटलं. नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी पहिली तीच मुलगी आली. सासू म्हणाली, परत रात्रभर जागी असते, गोळी वाढवा. मी पेन उघडलं. सासू पाणी प्यायला बाहेर गेली, तशी मुलगी पुढे झुकली.

"ताई, या महिन्यात पाळी आली नाहीये. घरी सांगितलं नाही अजून. ही गोळी पोटातल्याला चालते का?"

मला माहीत नव्हतं.

वाढवली तर काय होईल, माहीत नव्हतं. बंद केली तर ती पुन्हा कोसळेल का, तेही माहीत नव्हतं. माझ्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. ज्यानं ते शिकून घेतलं होतं, त्याची सही माझ्या बोटांखाली होती. तो नव्हता.

मी पेन मिटलं. मुलीला म्हटलं, हे डॉक्टरांना सांग, मी बरोबर येते. सासू आल्यावर स्पष्ट सांगितलं, की मी डॉक्टर नाही, मी लिहिणार नाही, मुंबईच्या सरकारी इस्पितळात आजच जाऊ. पाळीचं बोलले नाही. ते तिचं तिनं सांगायचं.

सासू म्हणाली, "डॉक्टर नाहीस, तर पडद्यामागे बसून आमच्या घरातल्या गोष्टी कशाला काढत होतीस गं?"

मी पॅड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोघींना घेऊन निघाले.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मुलीला एकटीला आत घेतलं. तपासण्या लिहून दिल्या, औषध बदललं. मी बाहेर बाकावर बसून होते. रडू येत होतं, पण सासू शेजारीच होती.

साहेब परतले. मी पॅड होतं तसं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"माझा पेशंट घालवलास," ते म्हणाले. "तुझ्यासारखीला वर आणून बसवलं, ही माझीच चूक."

तुझ्यासारखीला. म्हणजे कोणाला, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्यापेक्षा कमी शिकले नाही. वेगळं शिकले. जे शिकले नाही, ते तुमच्या नावानं करणार नाही."

"मग निघ."

निघाले. त्यानंतर भाईंदरपासून बोरिवलीपर्यंत किती दवाखान्यांचे जिने चढले. मानसशास्त्र म्हटलं की विचारायचे, टायपिंग येतं का. दादांनी पेढ्यांचा विषय कधी काढला नाही. नुसते माझ्याकडे बघायचे. ते बघणं सहन होत नव्हतं. एकदा वाटलं, जावं परत, पाय धरावेत.

गेले नाही. जाणार नाही. काम नाहीच मिळालं तर गोदामात पोती शिवीन. दुसऱ्याच्या सहीवर माझं अक्षर पडणार नाही.