चांगुणाकाकूंची बिस्किटांची बैलगाडी

आमच्या चांगुणाकाकूंनी ओव्हन घेतला तेव्हा मांडवगण फराट्यात कुणी चकार शब्द काढला नाही. तशी कुणाची छातीच नव्हती. काकू बोलायला लागल्या की म्हैससुद्धा रवंथ थांबवते.

मैद्याला त्यांनी पहिल्याच दिवशी घरबंदी केली. "मैदा आपल्या रानात पिकतो व्हय?" रानात पिकेल तेच ओव्हनमध्ये जायचं. ज्वारी, बाजरी, शेंगदाणे. गूळ तेवढा भीमेपलीकडचा, दौंडच्या बाजूच्या गुऱ्हाळातला. पहिली बाजरीची बिस्किटं अशी झाली की सर्जेरावकाकांनी एक दाढेखाली धरलं आणि दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर गाठला. तरी म्हणाले, "झ्याक झालीत." घरात सगळे झ्याकच म्हणायचे. मीही म्हणायचो, मला काय जीव नकोसा झालाय? पुढं बिस्किटं खरंच चांगली व्हायला लागली, पण काकूंना ते कळणार कसं? त्यांना एकच ध्यास लागला. घराबाहेरच्या कुणीतरी न घाबरता खरी चव सांगावी.

माझ्या बहिणीचं, अक्षदाचं, लग्न ठरलं आणि काकूंना संधी दिसली. हल्ली लोक रुखवत भाड्यानं आणतात. काकूंनी रुखवतात मांडायला बिस्किटांची अख्खी बैलगाडी भाजली. ज्वारीची चाकं, बाजरीचे दोन बैल, गाडीत शेंगदाणाकुटाच्या कांड्यांचा ऊस. मांडवात फोटोसाठी झुंबड उडाली. काकू शेजारी उभ्या राहून ज्याला त्याला म्हणत होत्या, "मोडा की एखादा तुकडा."

"रुखवत कुणी खातं व्हय, काकू?" म्हणत लोक जिलेबीकडं वळायचे. गाडी जशीच्या तशी अक्षदाबरोबर सासरी कारेगावला गेली आणि काकूंचं तोंड एवढंसं झालं.

काही दिवसांनी वांगी-मेथी पोचवायचं निमित्त काढून त्यांनी मला मोटरसायकल काढायला लावली. कारेगावच्या घरात शिरलो तर समोरच शोकेस, काचेआड बैलगाडी आणि वर लाल बल्ब. अक्षदाच्या सासूबाई, सोजरबाई, कौतुकानं म्हणाल्या, "येईल त्याला दावते, इहीणबाई."

"आन् चव?"

"आता कशाची चव? मुंग्या लागाया लागल्या, मग ज्ञानेशनं वार्निश मारलं."

ज्ञानेश म्हणजे आमचे दाजी. रांजणगावला कंपनीत पेंट शॉपला आहेत. कशालाही कोटिंग केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मला हसू आवरेना, काकूंना मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. ते लपवायला त्या काचेवर वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"ह्यो एकच बैल? दुसरा कुठाय?"

सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाया पडते, आमच्यात कुणाला बोलू नका. वार्निश मारायच्या आधी म्याच खाल्ला."

"कसा हुता?"

"खरं सांगू? गूळ लई झालाय. बाजरी पार हरवली त्यात. पर एक शिंग मोडलं आन् मंग थांबताच येईना."

मी हळूच दाराकडं सरकलो. काकू गर्रकन वळल्या, पण माझ्याकडं.

"गूळ लई झालाय! ऐकलंस? इतकी वर्सं फुकट खाताय, एकानं तरी सांगितलं का, मेल्यांनो?"

आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच त्यांनी सोजरबाईंना कडकडून मिठी मारली.