वामनरावांचा उजवा गुडघा

वामनराव निमकर हा एक नंबरचा हट्टी माणूस. पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हे त्यांना सांगणार कोण? आमची बदली चंदीगडला झाली आणि सेक्टर तीसमध्ये त्यांच्या बरोबर खालचं घर मिळालं, तेव्हापासून त्यांची चाल मला तोंडपाठ झाली. आधी काठी टेकायची, मग डावा पाय पडायचा, मग उजवा फरशीवरून घासत यायचा. तो घासत आतल्या खोलीत पोहोचला की प्रतिमाकाकूंचा आवाज यायचा, "आलात? हातपाय धुऊन घ्या."

काकूंची नजर काचबिंदूने नेली होती आणि स्मृतीही विरत चालली होती. माणसांच्या आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. टीव्हीतली माणसंसुद्धा त्यांना घरातच बोलतायत असं वाटायचं. पण पाय घासत आला की "हे" आले, एवढं पक्कं. मग त्या निर्धास्तपणे हात पुढे करायच्या आणि वामनराव त्यांना उठवून न्हाणीघरात न्यायचे. कामाला ठेवलेल्या बायका काही टिकायच्या नाहीत, कारण काकू त्यांना चोर समजून ओरबाडायच्या.

त्या थंडीत न्हाणीघरात वामनरावांचा गुडघा दगा देऊन गेला. धप्पकन आवाज झाला तशी मी वर धावले, तर दोघंही ओल्या फरशीवर पडलेले. काकू रडत होत्या आणि हे गृहस्थ मलाच सांगत होते, "काही नाही, काही नाही."

गुरुग्रामहून त्यांची मुलगी हिमानी आली. "पापा, बस. आई को मैं ले जाऊँगी. वहाँ अच्छा होम है, नर्सेस हैं." तिचंही काही चुकत नव्हतं. पण वामनरावांचा चेहरा असा उतरला की माझ्याच्याने बघवेना. ते म्हणाले, "मला गुडघा बदलून घेऊ दे. मग तिला उचलणं जमलं नाही तर ने."

डॉक्टर तयार नव्हते. "अंकल जी, इस उम्र में रिस्क है. दवा से काम चलाइए." पण वामनरावांचा सगळा जन्म प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करण्यात गेलेला. "डॉक्टरसाहब, बेअरिंग घिस गया तो बेअरिंग बदलते हैं, मशीन भंगार में नहीं डालते." हृदयाच्या तपासण्या ठीक निघाल्या आणि डॉक्टरांचा नाइलाज झाला.

काकूंजवळ हिमानी राहिली आणि शस्त्रक्रिया झकास झाली. नंतर मात्र छातीत कफ झाला, काही दिवस ते भलतंसलतं बरळत होते. मी तर मनातल्या मनात हात जोडून मोकळी झाले होते. पण म्हातारा उठला. नरेश नावाचा फिजिओथेरपिस्ट त्यांना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चालवायचा. "एड़ी पहले, अंकल जी. घसीटना नहीं." एकदा मी डबा घेऊन गेले तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पाय थांबत नव्हते. "काका, आज पुरे की," मी म्हणाले.

"पुरे कसं? तिला उचलायचंय."

घरी आले त्या दिवशी ते कठड्याला धरून, कुणाचाही हात न घेता जिना चढले. मी मागे होतेच. काठी त्यांनी मुद्दाम दाराशी ठेवली, टाच आधी टेकवत ताठ चालत खोलीत गेले आणि म्हणाले, "प्रतिमा, मी आलो."

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "ते घरी नाहीत," त्या म्हणाल्या. "नंतर या."

वामनराव हसले. हिमानीही हसली. मग त्यांनी काकूंच्या काखेत हात घातला, तशा काकू अशा किंचाळल्या की खालचा चौकीदार वर आला. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच्या पुढल्या दिवशीही तेच. ज्या बाईने साठ वर्षांत नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, ती परक्या पुरुषाला अंगाला हात लावू देईल होय? मला इतका संताप आला, आणि काढायचा कुणावर? डॉक्टरांचं काम चोख होतं, नरेशचंही चोख होतं.

हिमानीने काकूंची बॅग भरली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी काकूंची वेणी घालत होते. बाहेरच्या खोलीतून काठी टेकल्याचा आवाज आला. मग डावा पाय. मग फरशीवरून घासत येणारा उजवा. एवढं रडून सुधारलेली चाल म्हातारा पुन्हा बिघडवून येत होता.

ते पलंगापाशी येऊन उभे राहिले. काकूंनी मान कलती केली, कान दिला. त्यांचा चेहरा मऊ झाला आणि मी कंगवा तसाच धरून राहिले.

"बसा," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांचाही गुडघा अस्साच दुखतो हो. फार सोसतात, बोलत नाहीत. तुम्ही तरी वेळेवर दाखवून घ्या."

"दाखवतो," वामनराव म्हणाले आणि दाराजवळच्या, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले.