टॉवर तळेगावचाच!

माझ्या मुलीची सोयरिक मोडायच्या बेतात आली होती. पत्रिकेत काही खोट नव्हती, मानपानाचंही काही नव्हतं. कारण एवढंच, की मी गच्चीवर गोल गोल फिरत होतो.

सेलूत घराच्याच पुढल्या खोलीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवर जळलेल्या मोटारी माझ्याकडे येतात. त्यामुळे वीज, तारा, लहरी यांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. (होता.) होळीला आलेल्या मेहुण्याने त्याचा जुना स्कॅनर मला दिला. स्कॅनर म्हणजे हातात मावणारा रेडिओ. तो आपला आपण एकेक चॅनेल चाळत जातो आणि कोणी वायरलेसवर बोलताना सापडलं की तिथं थांबतो.

"दुसऱ्याचं बोलणं आयकाले परवाना लागत असन न वो?" माझी बायको सुमन म्हणाली.

"आयकाले कायचा परवाना? कान तं देवानं देले."

म्हणालो खरा, पण त्या दिवसापासून रस्त्यावर खाकी कपडा दिसला की मी स्कॅनर टॉवेलखाली सरकवू लागलो. एकदा तर पोस्टमनला पाहून घाम फुटला.

त्यातच पल्लवीचं लग्न ठरवायचं चाललं होतं. पल्लवी माझी एकुलती एक मुलगी, पॉलिटेक्निकला शिकवते. जामचं स्थळ आलं होतं. मुलाशी ती दोनदा बोलली होती आणि तो तिला मनापासून आवडला होता. हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. सोबत ताकीद दिली, "तुमी मधात काई करू नका." रविवारी पाहुणे यायचे होते.

गुरुवारी संध्याकाळी स्कॅनर एका ठिकाणी थांबला आणि एक भारी आवाज आला.

"सेलूच्या त्या घराची म्या माहिती काढून राह्यलो."

मग नुसती खरखर. समोरच्याचं बोलणं काही माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. पुन्हा तोच आवाज म्हणाला, "हाव, रविवारी अकराले. गाडीनंच जा. चौघं पुरे होते. जास्त गेले तं घरचे बिचकते."

दिवसाढवळ्या दरोडा, तोही आमच्या सेलूत! आणि वेळ तरी कोणती? आमच्याकडे पाहुणे येणार तीच. पाहुणे आणि चोर एकाच वेळी दारात आले तर पोहे कोणाला द्यायचे? (डोकं इथपर्यंत धावलं. याच्या पुढचं एक पाऊल काही टाकेना.)

पोलिसांकडे जावं तर ते आधी विचारणार, हे तुम्ही ऐकलं कशावर? तेव्हा आवाज कोणत्या टॉवरवरून येतो ते आपणच शोधायचं ठरवलं. मोबाईलवर एक युक्ती सापडली. स्कॅनर छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. मध्ये आपलं अंग आलं की आवाज पडतो आणि त्यावरून टॉवरची दिशा कळते. शुक्रवारी संध्याकाळी तो आवाज पुन्हा बोलायला लागला तसा मी गच्चीवर धावलो आणि फिरायला लागलो. लक्ष नीट लागावं म्हणून डोळे मिटून फिरलो. शेजारच्या गच्चीवर वनिताताई कुरड्या गोळा करत होत्या. त्या हातातलं काम टाकून पाहायला लागल्या.

"काऊन जी भाऊजी, तब्येत बरी हाय न?"

"हाव. दिशा शोधून राह्यलो."

"शोधा, शोधा," त्या फार मायेनं म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

तळेगावकडे तोंड केलं की आवाज अगदी खोल जाई. मी खाली येऊन जाहीर केलं, टॉवर तळेगावचाच!

"बाबा, आवाज पडला म्हंजे मधात तुमचं अंग आलं," पल्लवी म्हणाली. "टॉवर तुमच्या पाठीमांगं हाय."

"मले नको शिकवू. तीस वर्षं झाले मोटारी फिरवून राह्यलो मी."

शनिवारी दुकान बंद करून एसटीनं तळेगाव गाठलं. टॉवर सापडला. त्याच्या खाली पानठेला होता.

"या टॉवरवरून कोन बोलते जी?" मी विचारलं.

"मोबाईलचा टॉवर हाय काका. सारेच बोलते."

मी इकडेतिकडे पाहून आवाज बारीक केला. "सेलूच्या घराबद्दल कोन बोलते?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मला सावलीत बसवलं आणि डोक्यावर पाणी मारलं. ऊन लागलं समजला बिचारा. संध्याकाळपर्यंत स्कॅनर तिथं एक अक्षर बोलला नाही. चोर सावध झाले, असं मी समजलो.

रविवारी सकाळी सुमननं दम दिला, "आज तो डबा दिसला तं पाहून घेजा. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय." मी तो लपवला. स्वयंपाकघरात तूरडाळीचा प्लास्टिकचा मोठा डबा आहे, त्यात. बंद मात्र केला नाही, कारण चोर निघाले की कळायला हवं होतं. मे महिन्यात सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि दाराआड काठी ठेवली.

बरोबर अकराला गाडी थांबली. मुलगा, आई, वडील आणि आत्या उतरले. चौघं. मी त्यांना या या म्हणालो आणि त्यांच्या खांद्यावरून रस्त्यावर चोर दिसतात का ते पाहत राहिलो.

वडील शांत माणूस, जामच्या चौकात त्यांचं टायरचं दुकान. आत्या मात्र माझ्यावरची नजर हटवत नव्हत्या. पल्लवीनं पोहे दिले. आत्यांनी पहिला घास घेतला आणि आतून तूरडाळ बोलली.

"दादा, जामहून बोलतो. पोचले काय सेलूले? पोरगी चांगली हाय, पन बापाचं पाहून घेजो. शेजारीन सांगत होती, छातीशी डबा धरून गच्चीवर फिरते म्हने. अजून फिरून राह्यला काय?"

सुमननं पदर तोंडाला लावला. पल्लवीचा चेहरा उतरला. पोरीचं जुळत आलेलं मी माझ्या हातानं मोडलं, असं वाटून डोळ्यांत पाणीच आलं. उठलो, डाळीतून स्कॅनर काढून पाहुण्यांपुढं ठेवला आणि सगळं कबूल केलं. चोर, दरोडा, तळेगाव, काहीच ठेवलं नाही.

मुलाच्या वडिलांनी त्यावरची डाळ झटकली.

"आवाज माह्या भावाचा हाय," ते म्हणाले. "आमाले दोघायले वायरलेसचा शौक हाय, परवाना हाय. त्याच्या घरावर टॉवर हाय आन् माह्या गाडीत सेट. रोज संध्याकाळी बोलतो आमी." मग ते पुढं झुकले. "मले एक सांगा. तळेगावकडं तोंड केलं तवा आवाज पडे न? मंग पाठ कुठं होती तुमची?"

मी मनातल्या मनात गच्चीवर उभा राहिलो आणि फिरायला लागलो.

"जामकडं," पल्लवी म्हणाली. "मी शुक्रवारीच सांगतलं होतं."

आधी मुलगा हसला. मग त्याचे वडील असे हसले की त्यांना ठसका लागला आणि आत्यांनीच पाणी दिलं. जाता जाता ते माझ्या कानाशी म्हणाले, "स्टीलच्या डब्यात ठेवला असता तं एक शबद आला नसता, व्याही." ते व्याही म्हणाले तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास आला.

दिवाळीनंतर लग्न झालं. परवा एक शेतकरी दुकानात आला. मोटर उलटी फिरून राह्यली, पाणी फेकत नाई म्हणाला. मी दोन तारांची अदलाबदल करून पाच मिनिटांत ती सुलटी करून दिली.

"इतक्या लवकर कसं समजलं काका?"

मी कॉलर सावरून बोलणार, तेवढ्यात आतून सुमन म्हणाली, "त्यायले उलटं फिराचा अनुभव हाय."