न उघडलेलं इंजिन

सगळा बाजार त्याला बाटली मिस्त्री म्हणायचा. नवखं गिऱ्हाईक हे नाव ऐकलं की नाक मुरडायचं, आणि शेजारचा पंक्चरवाला हसून बेजार व्हायचा, कारण मिस्त्रीनं जन्मात दारूच्या थेंबाला हात लावलेला नव्हता. त्याच्या बाटल्या गॅरेजच्या मागच्या फळीवर सगळ्यांच्या देखत उभ्या असत. एक पेट्रोलच्या टाकीत ओतायची, आतली काजळी काढणारी. एक इंजिन ऑइलमध्ये घालायची, ऑइल दाट करून धूर कमी करणारी. एक नुसती खडखड दाबणारी. जुन्या गाड्यांवर त्याचा भारी जीव. "म्हाताऱ्या माणसाला कुणी उठसूट ऑपरेशनला नेतं का? आधी औषध देऊन बघतात ना?" असं तो विचारायचा. पण माणूस लबाड नव्हता. बाटली दिवस काढून देते, झिजलेलं लोखंड भरून आणत नाही, हे तो प्रत्येकाला तोंडावर सांगायचा. एकाच गिऱ्हाइकापुढे त्याचं काही चालायचं नाही. ते गिऱ्हाईक म्हणजे त्याची थोरली बहीण.

ताईची गाडी मूळची दाजींची. दाजी म्हणजे ताईचे यजमान आणि मिस्त्रीचे गुरू. पाना धरायचा कसा इथपासून सगळं त्यांनीच याच गॅरेजात शिकवलेलं, आणि शिव्या घालून शिकवलेलं. जायच्या थोडं आधी त्यांनी त्या गाडीचं इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधलं होतं. मिस्त्री तेव्हा परगावी नोकरीला होता. तो परतला तेव्हा दाजी गेले होते, आणि ताई त्यांच्या गाडीतून किडनीच्या पेशंटांची ने-आण करत होती. सकाळी घरून दवाखान्यात, डायलिसिसच्या मशीनवरून उतरले की दवाखान्यातून घरी. त्यावरच तिचं घर चालायचं. भावाला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "गाडीचं काय हवं ते कर. इंजिन मात्र खोलायचं नाही. ते त्यांनी बंद केलंय."

आता यावर कोण काय बोलणार? मिस्त्रीलाही त्या इंजिनाचा अभिमान. गॅरेजात कुणी टेकलं की तो ताईच्या गाडीकडे बोट दाखवायचा. "हे दाजींचं शेवटचं काम. ऐका, कसं चालतंय!"

पण लोखंडाला भावना कळत नाहीत. इंजिन धूर ओकायला लागलं, त्यानं दाट करणारी बाटली ओतली. पुढे खडखड सुरू झाली, त्यानं दुसरी ओतली.

"ताई, एकदा खोलू दे गं. आतल्या रिंगा झिजल्यात का बघतो आणि लगेच बांधून देतो. तोवर तुझ्या पेशंटांसाठी दुसरी गाडी आणतो मी कुठून तरी."

"नको."

"अगं, पण ऐकून तरी घे..."

"एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" ताई म्हणाली. विषय संपला.

त्यात ताईच्या फेऱ्या जवळजवळच्या. इंजिन धड तापायच्या आत बंद व्हायचं, आणि वर हे दाट ऑइल. एक दिवस मिस्त्रीनं ऑइल भरायचं झाकण काढून आत बॅटरी मारली, तर सगळीकडे डांबरासारखा काळा थर बसलेला. गाळ काढायचीही एक बाटली मिळते. जुन्या ऑइलमध्ये ओतायची, गाडी जागेवर थोडा वेळ चालू ठेवायची, मग सगळं ऑइल सोडून नवं भरायचं. इंजिन न खोलता साफ! आत इतका गाळ साचलेल्या इंजिनात ही बाटली घालू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साचलेला गाळ धड विरघळत नाही, त्याचे ढलपे सुटतात आणि ऑइलची वाट अडवतात. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यानं मालकाला हात जोडून वाटेला लावलं असतं. पण बहिणीचा शब्द मोडायचा नाही आणि इंजिनही वाचवायचं, या ओढाताणीत गड्यानं अक्कल गहाण ठेवली आणि बाटली ओतली.

काळंकुट्ट ऑइल बाहेर आलं. नवं भरलं. गाडी लोण्यासारखी पळायला लागली, ताईनं त्याची पाठ थोपटली, आणि हा मनातून फुलून गेला.

पुढच्याच आठवड्यात, मागच्या सीटवर पेशंट आजोबा बसलेले असताना, ऑइलचा लाल दिवा लागला. ताई घाबरली नाही. गाडी कडेला घेत घेतच तिनं इंजिन बंद केलं, आजोबांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि मग भावाला फोन लावला. "दिवा लागलाय रे," एवढंच म्हणाली. मिस्त्री मनात समजून चुकला.

दोरी लावून गाडी गॅरेजात आणली. ताई स्टुलावर बसली. मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाला, "खालून ऑइलचा चेंबर काढावा लागेल. माझीच चूक आहे, ताई. मीच नको ते ओतलं."

ताई म्हणाली, "काढ."

तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. चेंबर खाली घेतला तर ऑइल खेचणारी जाळी गाळानं पार बुजलेली, अगदी त्याला वाटलं होतं तशी. त्यानं जाळी बाजूला ठेवली आणि बॅटरी वर धरली. वर दांड्यांचे बोल्ट दिसत होते, सगळं इंजिन ज्यांच्यावर फिरतं ते. दाजींची एक सवय होती. बोल्ट शेवटचा आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारायचे. खूण नाही तो बोल्ट आवळलेला नाही, असा त्यांचा कायदा. त्यापायी मिस्त्रीनं कितीदा बोलणी खाल्ली होती.

या बोल्टांवरही खुणा होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या. त्या गुलाबी होत्या, नखाएवढ्या, काठ सांभाळून जपून भरलेल्या. नेलपॉलिश! मिस्त्री बघतच राहिला.

"ताई," तो खालूनच म्हणाला, "हे इंजिन कुणी बांधलं?"

वरून ताईचा आवाज आला, अगदी बारीक.

"त्यांचे हात कापायला लागले होते रे. पाना टिकायचा नाही हातात. पांढरा रंग लावायला गेले तर अर्धा अंगावर. ते या स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचे. म्हणाले, कुणाला कळता कामा नये, त्याला तर नाहीच नाही. तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं त्यांना."

वेड्या माणसा, असे कसे उतरला असता, असं मिस्त्रीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? त्यानं डोळे बाहीला पुसले आणि ठराविक जोरावर टक्कन वाजणारा पाना उचलला. पहिल्या बोल्टला लावला. बोल्ट तसूभर हलला नाही, पाना वाजला. दुसऱ्याला लावला. तोही वाजला. एकेक करून त्यानं सगळे बघितले. ताई वरून कान देऊन ऐकत होती.

तो वर आला. ताईचे हात मांडीत घट्ट आवळलेले होते.

"एकही ढिला नाही," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"सगळे बघितले. तू बांधलेलं इंजिन आहे तसं आहे, ताई. जे काय वाटोळं झालं ते माझ्या बाटल्यांनी."

"एकही नाही?"

"एकही नाही गं."

ताईनं तोंडाला पदर लावला. दाजी गेले तेव्हा ती लोकांसमोर रडली नव्हती. आता तिला आवरेना.

"मागे माणूस बसला की रोज धाकधूक व्हायची मला," ती म्हणाली. "ते शेवटपर्यंत विचारत होते रे, नीट आवळलेस ना सगळे. जीभ चालेना तेव्हा मूठ फिरवून विचारायचे. मी हो म्हणायचे. मला काय माहीत होतं? मी नुसतं हो म्हणायचे."