ओट्याजवळचा पॉइंट

आमच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि गिलावा व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. बाबा रोज सकाळी डबा घेऊन बांधकामावर जाऊन बसायचे. सगळी नोकरी त्यांनी होटगीला, रेल्वेच्या सिग्नलच्या आणि टेलिफोनच्या वायरी सांभाळण्यात काढली. आजही कुठं वायर दिसली की ती कुठून आली आणि कुठं जाते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी म्हटलं, "बाबा, टीव्ही, इंटरनेट, स्पीकर, सगळ्या वायरींचं तुम्हीच ठरवा." तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि ते तो उगाच पुसत बसले.

इलेक्ट्रिशियनला मात्र हे पटेना. "काका, आता कोण वायरी ओढतंय? वरच्या मजल्यावर एक डबा बसवा, समदं वायफायवर चालतंय की."

"मधे एक स्लॅब आहे, दोन भिंती आहेत," बाबा म्हणाले. "गिलाव्याच्या आत पाइप टाकून ठेवू. नंतर नवी भिंत फोडायची वेळ नको."

मग ते वही घेऊन आमच्यामागे लागले. मी कामाचा लॅपटॉप कुठं ठेवणार, पलंगाचं डोकं कुठल्या बाजूला, टीव्ही बघताना आडवी पडते की बसते. मी वैतागले, तर म्हणाले, "माणूस कुठं बसतो ते कळल्याशिवाय पॉइंट कुठं काढू?"

आईचं उत्तर ठरलेलं. "मला काय करायच्यात वायरी? हॉलमध्ये टीव्ही आहे की." दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी तेच. तिसऱ्या दिवशी बाबा तिला रिक्षाने बांधकामावर घेऊन गेले. मीही सोबत होते. स्वयंपाकघरात ओटा व्हायचा होता, नुसत्या विटा मांडल्या होत्या.

"इथं उभी राहा," बाबा म्हणाले. "भाकरी थापताना तोंड कुठं असतं तुझं?"

"अहो, माणसं बघतायत," असं म्हणत आई उभी राहिली. बाबांनी तिच्या नजरेच्या उंचीवर, खिडकीच्या शेजारी, खडूने एक चौकोन काढला.

"हितं काय येणार?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

"हिची बहीण," बाबा म्हणाले.

आई अक्कलकोटकडची. तिची मातृभाषा कानडी, आणि आमच्या घरात ती कुणालाच येत नाही. ती बोलायला तिला एकच माणूस उरलेलं, गावाकडची मावशी. जुन्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात फोनला रेंज नव्हती. म्हणून आई जिन्याच्या पायरीवर बसून तिच्याशी दहा मिनिटं बोलायची. तेवढ्यात तवा आठवायचा आणि ती फोन ठेवून आत यायची. त्या दहा मिनिटांत तिचा आवाज वेगळा असायचा, मोठा आणि खट्याळ. मी तो वर्षानुवर्षं ऐकला होता आणि त्यावर कधी विचार केला नव्हता. बाबांनी केला होता.

विजेच्या पाइपांपासून हातभर अंतर ठेवून त्यांनी वेगळे पाइप टाकून घेतले. प्रत्येक खोलीतली वायर जिन्याखालच्या एका पेटीत आणली आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या चिकटवल्या. हॉल टीव्ही, अभ्यास, स्पीकर डावा, स्पीकर उजवा. ओट्याजवळच्या वायरीवर त्यांनी लिहिलं, 'मावशी'.

आम्ही राहायला जायच्या आधीच मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय थोडे सावरले, पण वाचा गेली. आईने फोन केला की तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. "मीच बोलायचं आणि मीच गप्प व्हायचं," आई म्हणाली, आणि तिने फोन करणं सोडलं.

नव्या घरात बाबांनी पहिल्याच दिवशी ओट्याजवळ छोटी स्क्रीन आणि कॅमेरा लावला. तिकडं मावशीच्या सुनेने तिच्या खाटेसमोर फोन उभा करून दिला. मावशी दिसली. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस कुणीतरी घट्ट विंचरलेले. आई बघत राहिली. मग तिने परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. हात कामाला लागले तशी बोलायलाही लागली, कानडीत, थांबून थांबून. मावशी टक लावून भाकरी बघत होती.

मग हे रोजचंच झालं. सकाळी अकराला मावशी स्क्रीनवर यायची आणि आईचा स्वयंपाक संपेपर्यंत थांबायची.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी घरी होते. आई आमटी ढवळत कुठल्याशा लग्नाची हकिगत सांगत होती. अचानक मावशीचा डावा हात उठला. ओठ खूप वेळ नुसतेच हलले.

"उप्... उप्पु."

आईने पळी तशीच धरली. मग आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. "मीठ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ घालायचं राहिलं म्हणते ती." तिने मीठ घातलं, गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसून पदरात तोंड लपवून रडली.

बाबा हॉलमधून धावत आले. "काय झालं? लाइन गेली का?"

"लाइन आहे, बाबा. मावशी बोलली."

ते स्क्रीनसमोर गेले, हात जोडले आणि त्यांना येणारं एकुलतं एक कानडी वाक्य म्हणाले, "ऊट आयता?" जेवलीस का? मावशी अर्ध्या तोंडाने हसली.

आता ती पंधरा-वीस शब्द बोलते. कधी पाण्याला दूध म्हणते, आई रागावते, मग दोघी हसत सुटतात. गेल्या आठवड्यात मी आईला म्हटलं, मलाही शिकव. ती म्हणाली, मावशीला विचार. मी परातीसमोर उभी राहून पहिले चार शब्द म्हणून दाखवले. मावशीने तिसऱ्याला 'नाही' अशी मान हलवली आणि मला तो पुन्हा म्हणायला लावला.