रक्तावरची साय

लग्नाआधी मी कोपरखैरण्यातल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब एका डॉक्टरीणबाईंची, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांत. महागडी यंत्रं नव्हती. रक्त फिरवायचं सेंट्रिफ्यूज, रंगावरून आकडा सांगणारं एक यंत्र आणि फ्रिज, एवढ्यावर आम्ही लोकांच्या रक्तातली चरबी मोजायचो.

एकदा जवळच्याच बोनकोडे गावातल्या एक मावशी कोलेस्टेरॉल तपासायला आल्या. बरोबर नवरा. भातशेती टाउनशिपमध्ये गेलेली, आता चाळींची भाडी येत, त्यामुळे काका निवांत.

"मावशी, उपाशी आलात ना?" मी विचारलं.

"हो गो बाय. कडक उपास हाय."

रक्त घेतलं, गोठल्यावर फिरवलं. वर पिवळसर, नितळ पाणी, म्हणजे सीरम, यायला हवं. मावशींचं आलं दुधासारखं पांढरं. माझंच काही चुकलं म्हणून पुन्हा फिरवलं. तसंच.

"मावशी, खरंच काही खाल्लं नाही?"

"उपासाला कोन खातं? जराशी साबुदान्याची खिचडी, भाजलेले दाने. वर तूप घेतलं, कोरडी उतरत नाय."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण नळी फेकू दिली नाही. फ्रिजमध्ये उभी ठेवायला सांगितली. "साय वर येऊन खाली नितळ झालं, तर ती जेवणातली चरबी. सगळंच गढूळ राहिलं, तर काळजी."

दुसऱ्या दिवशी मावशी खरोखर उपाशी आल्या. मी त्यांना कालची नळी दाखवली. वर पांढरा थर, खाली स्वच्छ सीरम.

"अगो, साय धरली!" मावशी खूश. "बघा, अंगात कस हाय म्हनून."

काकांनी नळी उजेडात धरली आणि पोट धरून हसले. "म्हशीचं रगत हाय हिचं!"

"हसता कशाला? बाय, यांचं पन काढ."

"काढ की. हिच्यापायी सकालपासून चाय पन नाय झाली," म्हणत काकांनी पैलवानासारखी बाही वर सारली.

मावशींचं सीरम या वेळी छान पिवळं आलं. काकांचं मात्र मावशींच्या कालच्यापेक्षाही पांढरं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, मोजायला आम्ही सीरममध्ये एक द्रावण घालायचो. बाकीची चरबी त्याने गोठून तळाशी बसायची आणि वर उरलेल्यात एचडीएल मोजायचं. काकांची चरबी तळाशी बसेचना, वरच तरंगत राहिली. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तर आम्ही बाकीच्या आकड्यांतून वजाबाकी करून काढायचो. इतकी चरबी असली की ती वजाबाकीही खोटी ठरते. म्हणून रिपोर्टवर एलडीएलपुढे लिहिलं, 'काढता येत नाही'.

रिपोर्ट न्यायला आलेले काका भडकलेच. "हिचा एलडीएल आला, माझा का नाय? रगत पूर्न घेतलंत नि हिशोब अर्धाच?"

डॉक्टरीणबाईंनी फ्रिजमधून त्यांची नळी काढली. साय नाही, वरपासून खालपर्यंत गढूळ. "काका, ही जेवणातली नाही. तुमच्या लिव्हरने बनवलेली आहे. घेता का?"

"कदीमदी."

"कदीमदी मंजे ज्या दिवशी सूर्य मावलतो त्या दिवशी," मावशी म्हणाल्या.

काका पुढे फिजिशियनकडे गेले, तिथे साखरही निघाली. बाटली बंद झाली. ती कशी, ते मावशींनाच ठाऊक.

दसऱ्याच्या सुमारास काका एकटेच तपासायला आले. या वेळी सीरम बऱ्यापैकी नितळ. वजाबाकी जमली आणि एलडीएलचा आकडा आला.

"पण काका, हा जरा जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हिचा किती आलावता?"

"त्यांचा कमी होता."

"मंजे माझा जास्ती!" काकांनी रिपोर्ट नीट घडी करून खिशात घातला.

जास्त असणं चांगलं नाही, हे बाई समजावून सांगेपर्यंत ते पायऱ्या उतरले होते. शेवटी बाई दारात जाऊन ओरडल्या, "उद्या मावशींना घेऊन या!"

काकांनी न वळताच हात हलवला.