कालचीच

मावशीचं कपाट उघडून बघणाऱ्याची हमखास निराशा व्हायची. एवढी टापटीप बाई, जिच्याकडे बघून दात ठणकणारी माणसंसुद्धा क्षणभर गालावरचा हात काढून नीट बसायची, आणि तिच्या कपाटात कपड्यांपेक्षा मोकळी जागाच जास्त. एक पांढरा शर्ट, एक बारीक निळ्या रेघांचा. गडद निळी पॅंट, राखी स्कर्ट. काळा, बिनबाह्यांचा, अगदी साधा एक झगा. मोतिया रंगाचा, पुढून बटणं असलेला स्वेटर. आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर लटकलेले स्कार्फ, त्यातल्या मोहरी रंगाच्या स्कार्फवर माझा लहानपणापासून डोळा.

"बाकीचे कुठे ठेवतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"बाकीचे म्हणजे हेच," मावशी म्हणाली, "फक्त उद्या."

दाताच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जे टेबल लागतं, त्यामागे ती तरुणपणापासून बसत आली. लोकांना तोंड उघडायला लावायचं काम डॉक्टरांचं, आणि "अजून किती वेळ?" म्हणणाऱ्यांचं तोंड बंद करायचं काम मावशीचं. तिथे लागली तेव्हा अंगावर घालण्यासारखा एकच धड जोड होता. पहिल्या दिवशी तो घातला, दुसऱ्या दिवशीही तोच. तिथल्या एका जुन्या नर्सने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं, "कालचीच." हळू बोलल्यासारखं करून, पण ऐकू जाईल इतपत.

आता कपड्यांबद्दलच बोलायचं तर "कालचेच" म्हणायला हवं होतं. "कालचीच" म्हणजे बाईच शिळी. उरलेल्या भाजीचं झाकण उघडून बघावं आणि म्हणावं, तसं. एका वेलांटीने मावशीचं काळीज कापलं आणि ती कायमची तिच्या जिव्हारी लागली. आमच्या घरात तो शब्द शिव्यांच्या रांगेत जाऊन बसला. भाजीबद्दलसुद्धा कोणी काढायचा नाही.

त्यानंतर मावशी कोणाला कालची दिसली नाही. नवे कपडे घ्यायची ऐपत नव्हती, मग जुन्यांनाच तिने कामाला लावलं. पांढरा शर्ट आज स्कर्टमध्ये खोचलेला, उद्या काळ्या झग्यावर जाकिटासारखा उघडा, परवा स्वेटरच्या आत, नुसती कॉलर बाहेर. स्वेटर तर ती कधी कधी उलटा घालायची, बटणं पाठीवर. मग माझी आई, म्हणजे तिची मोठी बहीण, मागे उभी राहून बटणं लावत पुटपुटायची, "नसते उद्योग!" पांढरी बटणं काढून काळी लावली की शर्ट नवा. स्कार्फ गळ्यात, केसांत, कमरेला, नाहीतर पर्सच्या कडीला. मात्र एक नियम होता. "एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं," ती म्हणायची. मोहरी स्कार्फ बोलत असेल त्या दिवशी रेघांच्या शर्टाने घरी बसायचं.

माझी नोकरी लागली तेव्हा मी गच्च भरलेल्या कपाटापुढे उभी राहून रडत होते, की घालायला काहीच नाही. मावशीने मी बाहेर काढलेला ढीग पाहिला, त्यातले अर्धे कपडे उचलून पलंगाखाली सारले आणि म्हणाली, "तुझ्याकडे कपडे खूप आहेत गं, पण एकाशीही ओळख नाही. आधी ओळख कर." मला तेव्हा रागच आला होता. ती बरोबर होती, हे कळलं तेव्हा आणखी आला.

काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, सगळंच उलट. ते बसचे ड्रायव्हर. जन्मभर निळा कोट, पितळी बटणं, विषय संपला. "कोट काढून बाजारात गेलो, की माझेच रोजचे प्रवासी मला ढकलून पुढे जातात," असं ते हसत सांगायचे. त्यांची बस दवाखान्यावरून जायची, तिथेच जुळलं. त्यावरचा त्यांचा विनोद घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावाच लागे. "मला वाटायचं, माझ्या गाडीला रोज वेगळी बाई चढते. त्यातल्या एकीशी मोठ्या हिमतीने लग्न ठरवलं, आणि घरी आणल्यावर बघतो तर सगळ्याच आल्या!" मावशी चहा ओतता ओतता नुसते ओठ हलवून शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायची. ती इतकी सुखात असायची तेव्हा, की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी काका विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ल्या. त्यावर आम्ही हसलो, तेही हसले. मग त्यांच्याच बसच्या रस्त्यावरचे थांबे मागेपुढे व्हायला लागले, तेव्हा मावशीने हसणं बंद केलं. आणि एका दुपारी मी तिथे असताना ते तो विनोद सांगायला लागले. "...त्यातल्या एकीशी मोठ्या हिमतीने..." इथवर आले आणि अडकले. समोर बसलेल्या मावशीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?"

तुम्ही! उभ्या जन्मात "अगं" सोडून दुसरं काही न म्हणालेला माणूस. मावशी म्हणाली, "शेवटच्या थांब्यावर," आणि त्यांच्या हातातला कलंडलेला कप सरळ केला.

पुढे काही दिवस ती "अगं" असायची, काही दिवस "तुम्ही". "तुम्ही" असली की तिच्या हातची गोळी ते घेत नसत, जेवत नसत. "आमची ही येईल, ती देईल," म्हणून खुर्ची दाराकडे वळवून बसून राहत. कोणता दिवस कसा निघेल, याचा काही नेम नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशीने दवाखान्यात अर्धा दिवस काम मागून घेतलं. तेवढ्या वेळात शेजारीण डोकावून जायची. बाकी काही परत यावं, अशी मावशीची अपेक्षा नव्हती. आपली बायको घरात आहे, एवढं त्यांना कळत राहावं, बस. त्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती, पण करायचं काय, तेच उमजत नव्हतं.

मग दवाखान्याचा वाढदिवस आला. सकाळी मावशी पांढरा शर्ट, निळी पॅंट आणि स्वेटर अशी निघाली होती. दुपारी तिथल्याच आरशात बघून तिने स्वेटर काढून पिशवीत टाकला, बाह्या दुमडल्या, मोहरी स्कार्फ गळ्याशी बांधला, ओठांना जरा रंग लावला. तेच कपडे आणि बाई समारंभाची. मी तिला घ्यायला गेले तर बघतच राहिले. घरी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले होते!

तिने बेल वाजवली. साखळी न काढता काकांनी फटीतून बघितलं.

"कोण हवंय?"

"अहो, मी."

"आमची ही घरी नाही. कामावर गेलीय. नंतर या." आणि दार लागलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजाराच्या तर थोबाडीत मारता येत नाही, म्हणून मी दारावरच थाप मारायला हात उगारला. मावशीने तो धरला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग एकदम म्हणाली, "सकाळी मी काय घातलं होतं?"

"हेच की."

"नाही गं. हे नाही."

तिने स्कार्फ सोडला. बाह्या खाली केल्या, मनगटाची बटणं लावली. रुमालाने ओठ पुसले. पिशवीतून स्वेटर काढून चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि उठून पुन्हा बेल वाजवली.

या वेळी साखळी निघाली. "आलीस होय!" काकांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. "आत्ताच एक बाई येऊन गेली."

"कोण होती?"

"कोण जाणे. चांगली नटलेली होती."

"दिसायला कशी होती?" मावशीने विचारलं. एवढं सगळं होऊनही विचारलं!

काकांनी आवाज खाली आणला. "छान होती. पण मी दार नाही उघडलं."

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथल्या नळाचा आवाज येत राहिला. मी आत गेले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

"मी आजवर याच्यावरच जीव टाकला," ती म्हणाली, "की काल बघितलेली बाई आज कोणाला ओळखू येऊ नये. बघ, जमलं."

मी तिला नुसतं जवळ घेतलं. तेव्हा लक्षात आलं की ती किती बारीक झालीय. आणि बसून दोघींनी आठवून पाहिलं, तर "तुम्ही"चे बरेचसे दिवस असेच निघाले: त्या दिवशी झगा होता, त्या दिवशी केसांत स्कार्फ होता.

"आता मलाही गणवेश लागला," असं म्हणून मावशीने दुसऱ्या दिवशी तेच कपडे घातले. तिसऱ्या दिवशीही. पांढरा शर्ट, निळी पॅंट, मोतिया स्वेटर. काका झोपले की धुवायचे, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायचे, सकाळी इस्त्री करून तेच. राखी स्कर्ट आणि झगा तिने देऊन टाकले. मोहरी स्कार्फ माझ्या गळ्यात घातला आणि बजावलं, "आमच्याकडे येताना मात्र बांधू नकोस हं." स्वेटरचं एक बटण हरवलं. पूर्वीची मावशी असती तर तिने सगळीच बटणं बदलून नवा स्वेटर केला असता. या मावशीने काकांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण काढून तिथे टाचलं, कारण शिवणाच्या डब्यात हाताला आधी तेच लागलं. काकांना ते फार आवडलं. ती जवळ बसली की ते बोलता बोलता ते बटण बोटांत धरून फिरवत राहायचे.

मध्यंतरी माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी दवाखान्यात गेले होते. तिथे एक नवी, तरुण नर्स आलीय. स्वभावाने चांगली, पण तोंडाला फाटक नाही. जाता जाता ती म्हणाली, "ताई, आजही कालचेच?"

मी मावशीकडे बघितलं.

"हो, कालचेच," मावशी सहज म्हणाली आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली. त्यानंतर माझी दाढ काढली, पण ती मला दुखल्याचं आठवत नाही.

सगळं असंच चालत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण थंडी सरता सरता काका आणखी दूर गेले. "आलीस होय" बंद झालं. "आमची ही" कुठे गेली, हे विचारणंही बंद झालं. आपल्याला बायको होती, हेच त्यांच्या हातून निसटलं असावं. आता त्या स्वेटरकडे बघूनसुद्धा ते साखळी काढायला वेळ लावायचे, आणि रोज परतताना शेवटच्या पायऱ्या मावशी हळूहळू चढायची.

त्या संध्याकाळी मी तिच्या मागे होते, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन. बेल वाजली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण हवंय?"

मावशी नुसती उभी राहिली, त्यांना नीट बघता यावं म्हणून जरा उजेडाकडे सरकून. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग फटीतून हात बाहेर आला. त्यांनी स्वेटरचं ते पितळी बटण चाचपलं, दोन बोटांत धरलं, फिरवलं.

"तुम्ही," ते म्हणाले, "कालच्याच ना?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मागून नुसती मान दिसत होती, बिनस्कार्फची.

"हो," मावशी म्हणाली. "कालचीच."

साखळी खळकन निघाली.

"अगं, मग बाहेर काय उभी राहिलीस? ये की आत."